हऱ्या, कॉइलओव्हर आले

हऱ्या, कॉइलओव्हर आले, बसले आणि पळालेसुद्धा!

कुठून सुरुवात करू, सांग. मला धीर धरवत नाहीये. सगळं एकदम सांगायचंय आणि ऐकायला समोर तूच पाहिजेस. दुसऱ्या कोणाला सांगायला गेलं की 'अगं, इतक्यात गाडीचं काय घेऊन बसलीस' असा चेहरा करतात. तुझ्या आत्यानं केलाच. म्हणून लिहिते. मध्येमध्ये बोलायचं नाही हं. बघ, सवयीनं लिहून गेले. बोल रे. हवं तेवढं बोल मध्ये.

पेपरात तुझा फोटो आला होता. तळोज्याच्या कारखान्यात फिटर, मागे आई, पत्नी असा परिवार, अंत्यसंस्कार कुठे, दहावा कुठे. सगळं बरोबर छापलं होतं आणि तरी वाचून वाटलं, हा कोण माणूस? त्यात बलेनोचं नावसुद्धा नाही! 'मूलबाळ काय?' असं कोणी विचारलं की बाल्कनीतून खाली पार्किंगकडे बोट दाखवणारा तू. हसून दाखवायचास. मला माहीत आहे, नेहमीच हसू यायचं असं नाही. पण गाडी होती आपली, आणि काय गाडी होती!

जगात दुसऱ्या कोणाची गाडी अशी नसेल. आठवडाभर मासळीची, सुट्टीला शर्यतीची. उजाडायच्या आत आईंना घेऊन करंज्याच्या बंदरावर जायचं, डिकीत बर्फाचे क्रेट भरायचे, मागच्या सीटवर आई, त्यांच्या पायाशी कोळंबीची टोपली, आणि पोर्टाच्या ट्रेलरांनी चाळण केलेल्या उरण रोडवरून पनवेलच्या मच्छी मार्केटात. त्यांना तिथे सोडलं की मी ड्रायव्हिंग स्कूलला, लोकांच्या नावानं 'क्लच, अहो क्लच!' ओरडायला. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा घाट चढून त्या धावपट्टीवर पाव मैलाची शर्यत. शेजारच्या गाड्यांना परदेशी अत्तराचा वास, आपल्या गाडीला बोंबलाचा. सुरुवातीला पोरं नाक दाबून हसायची. पुढे पुढे वास आला की लाइनीतून बाजूला व्हायला लागली.

गाडी तू बांधायचास, चालवायची मी. लग्नाच्या आधीच ठरलं होतं ते. 'तुझा वजन कमी हाय आणि तुझा क्लच भारी हाय,' हे तुझं मागणी घालणं. मी पनवेल शहरातली, आमच्या घरात कांदेपोहे चालू होते, आणि मला हे वाक्य आवडलं! आईंच्या समोर मी तुला 'अहो' म्हणायचे आणि गाडीखाली तू झोपलेला असलास की 'ए हऱ्या, तेरा नंबरचा पाना कुठे टाकलास?' आईंनी एकदा दोन्ही एकाच वाक्यात ऐकलं आणि मार्केटभर सांगत सुटल्या.

ती शर्यत आठवते ना? अर्थात आठवते, आपलं सगळं भांडण तिथूनच तर निघालं.

रविवार म्हणजे मासळीचा मोठा दिवस, आणि शर्यतीही मेल्या रविवारीच. दर वेळी आई टेम्पोनं जायच्या आणि आठवडाभर ऐकवायच्या. त्या रविवारी मात्र हटूनच बसल्या, 'आधी मना बंदरावर ने, मंग कुठं जायाचा तिथं जा.' नेलं. क्रेट भरले, मार्केटात उतरवले, आणि उशीर झाला म्हणून तसेच घाटाला लागलो. क्रेटच्या वजनानं मागची बाजू बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत आपण रबराचे जाड बफर अडकवायचो. मासळी असली की घालायचे, शर्यत असली की काढायचे. त्या दिवशी काढायचे राहिले! तुझ्याही ध्यानात नाही, माझ्याही नाही. मी लाइनीवर उभी, आणि तू बाजूनं धावत येतोयस, हातवारे करतोयस, 'रबर! रबर!' तोवर दिवे हिरवे झाले.

आणि गाडी सुटली, हऱ्या. अशी कधी सुटलीच नव्हती.

एरवी काय व्हायचं? आपली गाडी पुढच्या चाकांच्या जोरावर पळणारी. क्लच सोडला की सगळा भार मागे जायचा, बूड टेकायचं, नाक वर यायचं, आणि पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी गरगरायची. धूर भरपूर, पळणं कमी. त्या दिवशी नाक उठलंच नाही. चाकांनी डांबर धरलं ते धरलंच. शेजारच्या लेनमध्ये आपल्यापेक्षा दुप्पट ताकदीची गाडी होती, ती मला शेवटच्या टप्प्यात गाठायला आली तेवढीच. मी उतरले तर तू मला मिठी मारायची सोडून मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसून रबराकडे बघत होतास.

'स्प्रिंग कडक झाली ना,' तू म्हणालास. 'म्हनून बसली नाय.'

'कडकपणाचं काय घेऊन बसलास? मागची बाजू उंच झाली, म्हणून भार पुढे राहिला,' मी म्हणाले.

'नाय.'

'हो.'

बस्स! झालं! एक रबर, त्यानं स्प्रिंग कडकही केली आणि गाडी उंचही केली. आता पळाली ती कशानं? तिथून घरापर्यंत भांडत आलो. आईंना मार्केटातून घ्यायचं होतं, ते विसरून थेट रोडपालीला पोचलो. परत गेलो तेव्हा त्या रिकाम्या टोपल्यांवर बसून होत्या आणि त्यांनी जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रोज रोज रबर घाला, काढा, हे जमणार नाही हे दोघांनाही पटलं. एवढ्या एकाच गोष्टीवर आपलं एकमत झालं, की कॉइलओव्हर पाहिजेत. कळंबोलीला नूरभाईंच्या गॅरेजात पहिल्यांदा एक हातात घेतलास तेव्हाचा तुझा चेहरा आठवतोय मला. नूरभाई वर्षानुवर्षं दुबईत गाड्या उघडून आलेला माणूस, त्यांनी लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं होतं. शॉक अॅब्झॉर्बर आणि स्प्रिंग एकाच दांड्यावर. दांड्याला आटे. पान्यानं फिरवा, गाडी वर-खाली. डोक्यावर एक नॉब, टिकटिक फिरवा, शॉक नरम-कडक. 'भाभी, सोमवारी मासळी, रविवारी रेस. खुदा की कसम, तुमच्यासाठीच बनवलेली चीज आहे,' असं म्हणाले ते. तू तो नॉब कानाशी धरून फिरवत बसला होतास. सोडेचनास.

आणि मग पुन्हा दोन तट! तुला तो कडक स्प्रिंगवाला सेट हवा. ड्रॅगसाठी, म्हणजे असल्या पाव मैलाच्या शर्यतीसाठीच बनवलेला, दगडासारखा. मला दुसरा. त्याची स्प्रिंग जरा नरम, पण उंची बदलायची ती स्प्रिंगला हात न लावता, खालच्या ब्रॅकेटवरून. म्हणजे मागची बाजू कितीही उचला, खड्ड्यात चाकाला खाली-वर व्हायला जागा तेवढीच राहते. शर्यतीच्या दिवशी नॉब कडक करायचा, घरी येताना परत नरम. मी म्हणायचे, 'गाडी वर्षातून पाच-सहा वेळा धावपट्टीवर जाते आणि रोज उरण रोडवर. मागे तुझी आई बसते. तिच्या कमरेचं काय?' तू म्हणायचास, 'नॉबवर माझा भरोसा नाय. स्प्रिंगच कडक पायजे. आईला उशी देऊ.' उशी! आईनं तुला जन्म दिला आणि तू तिला उशी देणार!

काय काय केलंस तू त्या दिवसांत. जुनी स्प्रिंग आईंच्या मासळीच्या काट्यावर उभी करून वरून दाबत बसलास, किती दाबली की किती वजन दाखवते ते बघायला. आई आल्या आणि किंचाळल्या, 'मावऱ्याचा काटा हाय तो! उद्या गिऱ्हाईकाला काय सांगू, पोरगा लटकला होता?' मी जेवणाच्या टेबलावर पेनांच्या स्प्रिंगा काढून, पट्टीची गाडी करून तुला दाखवत होते की मागून उंच केली की काय होतं. तू पट्टी उचललीस आणि तिनं पाठ खाजवलीस. संताप आला होता मला! आज ती पट्टी हातात आली की वाटतं, खाजव रे बाबा, काय हवं ते कर.

शेवटचं भांडण दारात झालं. तू बूट घालत होतास, हेल्मेट डोक्यावर, पहिली पाळी. मी म्हणाले, 'नूरभाईंचा मेहुणा या महिन्यात दुबईहून सेट घेऊन येणार आहे, आज काय ते ठरव.' तू काच वर केलीस आणि म्हणालास, 'संध्याकाली आल्यावर सांगतो तुला, तुझा कुठं चुकतंय ते. मना काल रात्रीच कळला.' आणि हसलास, ते तुझं पक्कं हलकट हसू. जिन्यानं उतरताना शीळ वाजवत होतास.

दुपारी तळोज्याहून फोन आला.

बाकीचं तुला काय सांगू? तुला माहीत आहे. मला मात्र अजून माहीत नाही की तुला काय कळलं होतं. कुठे चुकत होते मी? रोज विचार करते. गाडीखाली सरपटत जाऊन बघते. तुझा काय मुद्दा होता रे? एवढं तरी बोलून जायचंस. 'सांभाळ,' 'आईकडे बघ,' असलं काही नको होतं मला. ते मी करीनच. मला तो मुद्दा हवा होता.

आता दहाव्याचं सांगते, ते ऐकून तू खूश होशील.

खाडीच्या काठावर सगळे जमलेले. पिंड ठेवलेला, आणि कावळा शिवेना. कावळे होते, झाडावर ओळीनं बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. मग सुरू झाली आश्वासनं. तुझे काका पुढे झाले, 'हरेश, आईची काळजी करू नको.' कावळा ढिम्म. 'सुनेला आमी अंतर देनार नाय.' नाही. 'बंदराकडच्या भातशेतीचा जो काय वाद हाय तो मिटवू.' तरी नाही. मागे नूरभाई टोपी हातात घेऊन उभे होते, त्यांचा मोबाइल वाजला. ते घाईनं बाजूला गेले आणि परत आले ते पार कानकोंडे होऊन. मला हळूच म्हणाले, 'भाभी, माफ करा, ही वेळ नाही. पण मेहुणा तिकडे दुकानात उभा आहे, संध्याकाळचं त्याचं विमान. सामानात एकच सेट बसतो, कोणता घेऊ विचारतोय. नको असेल तर नको सांगतो.'

काकांनी ते ऐकलं. त्यांचे डोळे असे चमकले! 'आरं, ह्यातच तर त्याचा जीव अडकलाय!' आणि पिंडाकडे वळून मोठ्यानं म्हणाले, 'हरेश, तुझ्या पसंतीचा कडक इस्प्रिंग तुझ्या गारीला लागनार! सून कबूल करतेय!' मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या मला कोपरानं ढोसतेय, 'बोल, हो बोल, शेवटची इच्छा हाय.'

आणि माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. खरंच सांगते. त्या क्षणी तू आकाशातला चंद्र मागितला असतास तर कबूल केला असता. कडक तर कडक, माझं म्हणणं गेलं खड्ड्यात, तू फक्त ये आणि तो भात उचल. नूरभाईंनी फोन कानाला लावून ठेवला होता. पलीकडे दुबईच्या दुकानात तो बिचारा दोन खोक्यांच्या मध्ये उभा.

पण मग मला तुझाच राग आला. आजवर एकदा तरी मी तुझं न पटता ऐकलंय? एकदा तरी तू माझं? लग्नाच्या हॉलपासून गाडीच्या रंगापर्यंत प्रत्येक गोष्ट आपण भांडून ठरवली. आणि आज तू समोर नाहीस म्हणून मी गुपचूप 'हो' म्हणायचं? म्हणजे तू मेलास हे मीच कबूल करायचं? तू जिवंत असतास आणि मी असं सहज मान डोलावली असती, तर तू माझ्या कपाळाला हात लावून बघितला असतास, ताप आलाय का म्हणून.

मी पुढे झाले आणि बोलले. बोलले कसली, ओरडलेच. ड्रायव्हिंग स्कूलचा गळा आहे माझा. 'नाही! हऱ्या, मी कडक स्प्रिंग घेणार नाही! तुझं चुकतंय! गाडी उंचीनं पळाली, कडकपणानं नाही! आणि उंची ब्रॅकेटवरून बदलणार, म्हणजे तुझ्या आईची कंबर शाबूत राहील! तुझा काय मुद्दा होता तो सांगितला नाहीस, आता माझं चालणार! पटत नसेल तर ये आणि भांड!'

भटजींची पळी हवेतच राहिली. चारचौघांत, दहाव्याला, नवऱ्याला 'हऱ्या' म्हणणारी बाई त्यांनी पाहिली नसावी. आत्यानं तोंडावर पदर धरला. आणि झाडावरून एक कावळा उतरला, काळाकुट्ट, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि भातात चोच घातली.

आता तो का उतरला ते मला विचारू नकोस. भूक लागली असेल. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे तुला माहीत आहे. पण हऱ्या, मी त्या दिवशी खाडीवर तोंडावर हात दाबून हसले. रडत होते, तरी हसले. नूरभाई फोनमध्ये जवळजवळ ओरडले, 'दुसरा! नरम वाला! ब्रॅकेट वाला! जल्दी बांध!'

मेहुण्याच्या सुटकेसमध्ये कपडे कमी आणि लोखंड जास्त. विमानतळावर बाजूला घेऊन विचारलं म्हणे, हे काय आहे? तर म्हणाला, 'साहेब, गाडीचे गुडघे.' सोडून दिलं त्याला.

नूरभाईंनी बसवायला घेतले तेव्हा मी कामावरून सुट्टी घेऊन तिथे ठाण मांडून बसले. तुझे पाने घेऊन गेले होते. जुना मागचा शॉक काढला तर त्यातून तेल गळून नुसती नळी राहिलेली. आपण त्याच्यावर इतके दिवस पळत होतो, बोल! नवीन चढवले. निळ्या स्प्रिंगा, चकचकीत आटे. गाडी जॅकवरून खाली उतरली आणि पायावर उभी राहिली तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याच. नूरभाई म्हणाले, 'भाभी, आता वजन?' मी म्हणाले, वजन आहे की. आणि आईंना आणून मागच्या सीटवर बसवलं, डिकीत बर्फाचे क्रेट भरले, आणि तशा भरल्या गाडीवर उंची लावली. नूरभाई खाली आटे फिरवतायत, मी पट्टीनं मोजतेय, आणि आई आतून विचारतायत, 'मी अजून किती बसू? मी काय बटाट्याचा पोता हाय?' पण उतरल्या नाहीत. टेकल्या होत्या शांत, हात सीटवर फिरवत. तू शिवलेली सीट ती.

मग परवाची शर्यत.

मला वाटलं होतं आई नाही म्हणतील. गाडी विकून टाका असं आत्या म्हणत होती, काकाही म्हणत होते. मी आईंना विचारलं, 'रविवारी जाऊ का?' त्यांनी कोळंबी सोलता सोलता वर न बघता विचारलं, 'किती वाजता निघायाचा?' मी म्हणाले, 'आई, रविवार आहे, तुमची मासळीची पाटी?' तर म्हणाल्या, 'र्‍हाऊ दे पाटी. माझा पोर इतकी वर्सं तिथं जाऊन काय करायचा, मना बघू दे.'

हऱ्या, आईंनी रविवारी पाटी बंद ठेवली! तुझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी विकून आल्या होत्या.

धावपट्टीवर सगळे भेटले. मला कोणाला काय बोलावं सुचेना, तर मग गाडीबद्दलच बोलले, ते बरं झालं. मी आणि नूरभाई खाली बसलो. मागची बाजू ब्रॅकेटवरून उचलली. मागचे नॉब कडक, बूड टेकू नये म्हणून. पुढचे कडक, नाक उठू नये म्हणून. सगळं मी ठरवल्याप्रमाणे. मग लाइनीवर गेले, आणि सवयीनं डावीकडे बघितलं. तू नेहमी तिथे असतोस, दोन्ही हात खाली दाबत, 'सावकाश, सावकाश' करत. तिथे आई उभ्या होत्या. उन्हाला हात आडवा धरून. त्यांना काही कळत नव्हतं, पण माझ्याकडे बघून त्यांनीही हात केला, बंदरावर होडीला करतात तसा.

दिवे. क्लच. आणि ती गेली!

नाक एक बोटभर उठलं नाही. चाकांनी चित्कार केला नाही, धूर नाही, काही नाही, नुसता मागून कोणी ढकलल्यासारखा रेटा आणि मान सीटला. दुसरा गिअर. तिसरा. माझ्या तोंडून काय निघत होतं कोण जाणे. रबराच्या दिवसापेक्षा जोरात पळाली, हऱ्या, आपल्या आजवरच्या सगळ्यांत जोरात! मी परत आले, दार उघडलं आणि ओरडले, 'बघितलंस? बघितलंस? मी काय सांगत होते?'

तर समोर नूरभाई. डोळे पुसत. आणि काय म्हणाले माहीत आहे? 'माशाल्ला, भाभी! पण एक बात. उंची पण वाढवली, नॉब पण कडक केले. म्हणजे पळाली कशानं? दोघं बरोबर होता तुम्ही.'

असा राग आला मला! तूच शिकवून ठेवलं होतंस की काय त्यांना?

मग त्यांच्या गाडीच्या बॉनेटला टेकून विचार केला. हाच होता का तुझा मुद्दा? की दुसराच काही? जिंकण्यात एवढी मजा असते ती समोरचा चिडतो म्हणून. तू चिडून 'नाय' म्हणणार, मी अजून चढणार, मग जेवताना तू मुकाट्यानं माझ्या ताटात तुझ्यातला मोठा तुकडा वाढणार. तसं करून तू हार कबूल करायचास. आता मी किती खरी ठरले तरी तो तुकडा येणार नाही. आणि तरी तुला सांगते, परवाचा दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांतला होता. तूच दिलास तो. गाडी तुझी, तो नाद तुझा, आणि भांडायची ही हौस पण तुझ्याच सोबतीत वाढली. दुसऱ्या कोणाशी लग्न झालं असतं तर मला कशावर एवढं चढून बोलता आलं असतं?

निघायच्या आधी नॉब परत नरम केले. आई मागे बसल्या. घाट उतरेपर्यंत बडबडत होत्या, त्या लाल गाडीवाल्याला कसं मागं टाकलं, कोणी काय म्हणालं. मग आवाज थांबला. मी आरशात बघितलं.

तुला एक सांगितलं नाही अजून. तू गेल्यापासून आई झोपल्याच नव्हत्या. अंथरुणावर पडायच्या, कूस बदलायच्या, उठून बाल्कनीत जाऊन खाली गाडीकडे बघत बसायच्या. डॉक्टरांनी दिलेली गोळीही लागली नाही. आणि आता त्या मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. घोरत होत्या, हऱ्या!

पळस्पे आलं. सरळ गेलं की पनवेल, मग कळंबोली, मग घर. घर आलं की गाडी थांबणार, आणि थांबली की त्या जाग्या होणार. मी डावीकडे वळले. गोवा रोड. तुला माहीत आहे तो कसा आहे, अर्धा खणलेला, बाकीचा खड्डा. दिवस मावळत होता. मी दुसऱ्या गिअरवर निघाले, वाट फुटेल तिकडे. पहिला खड्डा आला तेव्हा श्वास रोखला. चाक खाली गेलं, वर आलं. आरशात बघितलं. दुसरा आला, त्याहून मोठा. मग सलग. आईंची मान जराशी डोलायची आणि परत सीटवर.

उशी नव्हती रे त्यांच्या पाठीला. काही नव्हतं. आई झोपूनच होत्या.

आता बोल.